ओझोन, ऊन आणि वजनाचा न जुळणारा हिशेब

डोक्यावरच्या हवेतून ओझोनचे दहा हजार रेणू उचलले, तर हिशेबाने त्यांतल्या एकसष्ट रेणूंमध्ये एक जड अणू, म्हणजे ऑक्सिजन-१८, सापडायला हवा. वीस-तीस किलोमीटर उंचीवर प्रत्यक्ष मोजणी केली की पासष्ट ते अडुसष्ट भरतात. फरक चार-सात रेणूंचा. एवढ्याने काय बिघडतं, असं कोणीही म्हणेल. पण समस्थानिकांच्या जगात हा फरक राक्षसी आहे, आणि तो ज्या तऱ्हेने पडतो ती तऱ्हा तर त्याहून चमत्कारिक. हे चार-सात रेणू उन्हाच्या खात्यावर मांडायचे की आणखी कोणाच्या, यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षं घालवली आहेत.

आधी ही मंडळी कोण ते पाहू. ऑक्सिजनचे स्थिर समस्थानिक तीन. तिघांच्याही अणुकेंद्रात प्रोटॉन आठच. न्यूट्रॉन मात्र आठ, नऊ किंवा दहा. म्हणून वस्तुमान १६, १७ किंवा १८. हवेत राज्य १६ चं: ९९.७५७ टक्के. १८ चा वाटा ०.२०५ टक्के, आणि १७ चा अगदीच किरकोळ, ०.०३८ टक्के. ओझोनच्या रेणूत ऑक्सिजनचे तीन अणू, म्हणजे जड अणूला बसायला तीन जागा, ०.२०५ ला तिनाने गुणलं की दहा हजारांत एकसष्ट येतात. १७ चा तोच हिशेब अकरावर थांबतो. विल्यम जिऑक आणि हेरिक जॉन्स्टन यांनी १९२९ मध्ये हे दोन जड भाऊ शोधून काढले. तोवर ऑक्सिजन म्हणजे १६, असंच सगळे धरून चालले होते.

तिघांचा रासायनिक स्वभाव एकच; फरक वजनाचा आणि त्यामुळे येणाऱ्या सुस्तीचा. आमच्या बडोद्यातल्या सुरसागर तलावाचं पाणी उन्हाने वाफ होऊन उडतं तेव्हा हलके रेणू जरा जास्त उडतात, जड जरा मागे राहतात. पंचवीस अंश तापमानाला पाणी आणि त्याच्यावरची वाफ यांच्यात १८ च्या प्रमाणाचा फरक हजारात नऊच्या आसपास असतो. म्हणजे एक टक्काही नाही. आता १७ चं काय? तो १६ पेक्षा एकाने जड, १८ दोनाने जड. त्यामुळे १७ वर परिणाम साधारण निम्मा, नेमकं सांगायचं तर ०.५२ पट. हे ०.५२ चं गणित पाण्यात चालतं, खडकात चालतं, शंखशिंपल्यांत आणि हाडांतही चालतं. ते इतकं पक्कं मानलं जायचं की १७ मोजण्याची तसदी फारसं कोणी घेत नसे. १८ मोजा, निम्मे करा, झालं.

ओझोनमध्ये मात्र १७ आणि १८ जवळजवळ सारखेच वाढलेले असतात. कोडं आहे ते इथे. नुसतं 'ओझोन जड आहे' एवढंच असतं, तर एका ओळीत लेख संपला असता.

ओझोन तयार कसा होतो ते सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये मांडलं, आणि त्या मांडणीचा गाभा आजही तसाच आहे. वरच्या हवेत २४२ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण ऑक्सिजनच्या जोडीला फोडतात. सुटलेला एकटा अणू दुसऱ्या एखाद्या जोडीला जाऊन चिकटतो आणि तिघांचा ओझोन होतो. पण नुसतं चिकटून भागत नाही. नवा रेणू जन्मतो तोच जास्तीच्या ऊर्जेने थरथरत. ती ऊर्जा जवळून जाणाऱ्या तिसऱ्याच एखाद्या रेणूने, बहुधा नायट्रोजनने, धक्का घेऊन काढून नेली तरच तो टिकतो. नाहीतर आला तसा मोडतो. पुढे हाच ओझोन २०० ते ३१० नॅनोमीटरचे अतिनील किरण शोषून पुन्हा फुटतो, आणि नारिंगी-तांबड्या साध्या प्रकाशानेही थोडाफार फुटतो. फुटला की अणू सुटतो, अणू सुटला की पुन्हा ओझोन. हे दिवसभर चालू. अगदी जमिनीलगत, भर दुपारी, ओझोनचा एखादा रेणू सरासरी अर्धा-पाऊण तासात उन्हाने फुटतो. त्यातून निघालेला अणू सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आसपास पुन्हा कुठल्यातरी जोडीला बांधला जातो. वर, जिथे ऊन कडक, तिथे फुटणं काही मिनिटांचं काम. बडोदं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. तेव्हा किरणांना ओझोनचा थर सर्वांत आखूड वाटेने ओलांडावा लागतो. हा थर म्हणजे तरी काय? सगळा ओझोन जमिनीच्या दाबाला आणून पसरला तर आपल्या भागात तीन मिलिमीटरही जाड भरणार नाही.

"मग सरळच आहे ना, मामा," माझी भाची म्हणाली. ती इथल्याच युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. "ऊन हलक्या रेणूला आधी फोडणार, जड मागे राहणार. उन्हानेच चाळणी लावली."

"मग १८ पुढे आणि १७ निम्म्यावर दिसायला हवा. दोघं बरोबरीने कसे?"

यावर ती गप्प. तिला सोबत मात्र मोठमोठ्यांची आहे, कारण सुरुवातीला सगळ्यांनीच उन्हाकडे बोट दाखवलं होतं.

१९८० च्या सुमारास राल्फ सिसरोन आणि जे. मॅकक्रम यांनी एक शक्यता मांडली. ऑक्सिजनची जोडी काही ठरावीक, बारीक तरंगलांबींवरच प्रकाश शोषते. १६-१६ च्या जोड्या मुबलक, त्यामुळे त्यांच्या वाट्याचा प्रकाश वरच्या वरच खपतो. १६-१८ च्या जोडीच्या तरंगलांबी किंचित सरकलेल्या. तिच्या वाट्याचा प्रकाश खायला वर फारसं कोणी नाही, म्हणून तो खोलवर पोचतो. थोडक्यात, मुबलक रेणू स्वतःच स्वतःवर सावली धरतात आणि दुर्मीळ रेणू उघड्यावर पडतात. खाली जड जोड्या जास्त फुटणार, जड अणू जास्त सुटणार, ओझोन जरा जड होणार. पुढच्याच वर्षी कॉनराड मॉयर्सबर्गर यांनी बलूनमधून वस्तुमान वर्णपटमापक, म्हणजे रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र, वर पाठवला, आणि ३२ किलोमीटरच्या आसपास जड ओझोन तब्बल ४० टक्क्यांपर्यंत जास्त असल्याचं जाहीर केलं. सावलीच्या हिशेबात एवढा आकडा बसणं शक्यच नव्हतं. (हा आकडा फुगलेला होता हे नंतरच्या, अधिक काळजीपूर्वक केलेल्या मोजण्यांत दिसलं, आणि त्या मोजण्या मॉयर्सबर्गर यांच्याच गटाने केल्या. शास्त्रात अशी माणसं असतात म्हणून बरं.)

खरा धक्का दिला तो १९८३ च्या एका प्रयोगाने, आणि त्यात आभाळाचा संबंधच नव्हता. कॅलिफोर्नियात मार्क थीमेन्स आणि जॉन हायडनराइख यांनी काचेच्या भांड्यात शुद्ध ऑक्सिजन भरला आणि त्यात विजेचा विसर्ग सोडला. भांड्याची भिंत द्रव नायट्रोजनने थंड केलेली: उणे १९६ अंश. ओझोन उणे ११२ अंशांनाच द्रव होतो, त्यामुळे तयार झाला की तो काचेवर गोठल्यासारखा बसतो, गडद जांभळट निळ्या थराच्या रूपात. ऑक्सिजन मात्र त्या थंडीतही इतपत वायुरूप राहतो की पंपाने ओढून घेता येतो. मागे उरलेला निळा थर फार जपून हाताळावा लागतो. साठलेला ओझोन जरा जास्त झाला किंवा त्याला हिसका बसला तर स्फोट होतो. मग तो सावकाश गरम करायचा, त्याचा पुन्हा ऑक्सिजन करायचा, आणि तो वस्तुमान वर्णपटमापकात सोडून १६, १७, १८ वेगवेगळे मोजायचे. मोजले, तर १७ आणि १८ खांद्याला खांदा लावून वाढलेले. ०.५२ नाही, जवळपास एकास एक.

हा आकडा खगोलशास्त्रज्ञांना आधीच ओळखीचा होता, म्हणून खळबळ मोठी झाली. फेब्रुवारी १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्केतल्या पांढऱ्या कणांमध्ये रॉबर्ट क्लेटन आणि सहकाऱ्यांना १९७३ मध्ये हेच एकास एक प्रमाण दिसलं होतं. त्यांनी अर्थ लावला की रासायनिक क्रिया असं करूच शकत नाही, तेव्हा हा माल दुसऱ्या कुठल्या ताऱ्यातून आलेला असणार. आणि आता एका काचेच्या भांड्यात, साध्या ऑक्सिजनपासून, कोणत्याही ताऱ्याशिवाय तेच घडत होतं.

गंमत अशी की थीमेन्स आणि हायडनराइख यांनीही पहिलं स्पष्टीकरण सावलीचंच दिलं होतं: विसर्गातून निघणारा अतिनील प्रकाश, मुबलक जोड्यांची स्वतःवरच सावली, वगैरे. ते टिकलं नाही. का टिकलं नाही हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं, म्हणून तिथे थोडं थांबतो.

ऑक्सिजनचा सुटा अणू एखाद्या जोडीला धडकतो तेव्हा बहुतेक वेळा ओझोन होतच नाही. होते ती अदलाबदल. सुटा १८ आला, १६-१६ च्या जोडीला भिडला, आत शिरला आणि एक १६ बाहेर पडला. हा प्रकार अतिशय वेगाने चालतो. जमिनीलगतच्या हवेत सुटा अणू ओझोनमध्ये पक्का बांधला जाण्याआधी अशा अदलाबदली शे-दोनशे वेळा होऊन जातात. तीस किलोमीटरवर हवा विरळ, जास्तीची ऊर्जा काढून नेणारा तिसरा रेणू दुर्मीळ. तिथे हजारो वेळा. मग ऊन कोणती जोडी फोडतं, जड फोडतं की हलकी, याला काय अर्थ उरला? सुटलेल्या अणूंत उन्हाने काही निवड केली असली तरी ती ओझोन होण्याआधीच शेकडो-हजारो वेळा पुसली जाते. ओदेद नावोन आणि जेराल्ड वासरबर्ग यांनी १९८५ मध्ये हाच मुद्दा मांडला आणि सावलीचा सिद्धांत ओझोनपुरता निकालात निघाला.

राहिली काय, तर जोडणी. आणि जोडणीला ऊन लागत नाही.

युनिव्हर्सिटीच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत, विशेषतः जुनं मशीन असेल तर, सबमिशनच्या दिवसांत एक तिखटसर, नाकात चढणारा वास येतो. तो ओझोनचा. मशीनमधल्या तारेभोवती उच्च दाबाच्या विजेने हवेतला ऑक्सिजन फुटतो आणि सुटलेले अणू शेजारच्या जोड्यांना चिकटतात. दुकानात सूर्याचा किरण पोचलेला नसतो, अतिनीलाचा तर प्रश्नच नाही. तरी जोडणीची क्रिया तीच, स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या हवेत, चालते तीच. म्हणजे त्या दुकानातला ओझोनही १७ आणि १८ ने तसाच बरोबरीने जड असणार. भाचीला मी हेच उदाहरण दिलं. "म्हणजे चाळणी उन्हाची नाहीच," ती म्हणाली. नाहीच असं नाही, पण त्याकडे नंतर येऊ.

जोडणी १७ आणि १८ ला सारखंच का वागवते? वजनाने भेद केला असता तर निम्म्याचं गणित आलंच असतं. उत्तर आहे सममितीत. ओझोनचे तीन अणू सरळ रेषेत नसतात. मधला एक आणि दोन बाजूंना दोन, असा तो बसक्या कोनाचा रेणू असतो. तिघेही १६ असतील तर दोन्ही टोकं सारखी. आता नवरात्रात गरब्याला तीन पोरं हात धरून उभी आहेत असं समजा, आणि टोकाच्या दोघांनी अगदी एकसारखं केडियुं घातलंय. त्यांनी जागा बदलल्या तर बघणाऱ्याला काही कळणार नाही. दोन्ही रचना एकच मोजल्या जातील. एकाने वेगळ्या रंगाचं घातलं, की जागा बदलल्यावर चित्र वेगळं. तो रंग लाल आहे की हिरवा याने फरक पडत नाही. वेगळा आहे एवढंच पुरे. ओझोनच्या टोकाला बसलेला १७ असो की १८, दोघेही सममिती सारखीच मोडतात. म्हणून दोघांना सारखाच फायदा. जड अणू मधल्या जागी बसला तर दोन्ही टोकं सारखीच राहतात, आणि त्याला ही सवलत मिळत नाही. प्रयोगांतही हेच दिसतं: जास्तीचे जड अणू मुख्यतः टोकांना असतात.

फायदा कसला, तर टिकण्याचा. नवजात ओझोन जास्तीच्या ऊर्जेने थरथरत असतो हे वर आलंच. ती ऊर्जा रेणूच्या निरनिराळ्या हालचालींत, फिरण्यात, कंपांत, जितकी मोकळेपणाने वाटली जाईल तितका रेणू फुटायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात धक्का घेणारा तिसरा रेणू भेटण्याची शक्यता वाढते. सममित रेणूत क्वांटम नियमांनी काही वाटा बंद असतात. असममित रेणूत त्या उघड्या. नुसत्या वाटांची संख्या दुप्पट होणं हे साध्या संख्याशास्त्रात आधीच धरलेलं असतं. रुडॉल्फ मार्कस आणि यी-चिन गाओ यांनी २००१ च्या सुमारास दाखवलं की त्या हिशेबाच्याही वर थोडा फायदा असममित रेणूंना मिळतो असं धरलं, तर मोजमापं नीट जुळतात. हे तेच मार्कस, ज्यांना इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीवरच्या कामासाठी १९९२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

'धरलं तर जुळतात' हे मी मुद्दाम तसं लिहिलं आहे. त्या जास्तीच्या फायद्याचा आकडा मार्कस यांनी मोजमापांवरून बसवला. पहिल्या तत्त्वांपासून काढून दाखवला नाही, आणि संपूर्ण क्वांटम गणिताने तो निर्विवाद निघाला असं आजही म्हणता येत नाही. शिवाय हायडेलबर्गमध्ये मॉयर्सबर्गर यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एकेक जोडणी वेगळी मोजली तेव्हा नवाच घोळ समोर आला. सुटा १६ हा १८-१८ च्या जोडीला भेटला तर ओझोन नेहमीच्या दीडपट वेगाने बनतो; सुटा १८ हा १६-१६ ला भेटला तर नेहमीपेक्षा सुमारे आठ टक्के हळू. दोन्हीकडे बनणारा रेणू असममितच, तरी एवढी तफावत! ही तफावत वजनामुळे येणाऱ्या किंचित ऊर्जाभेदाची असते. खऱ्या हवेत अदलाबदल इतकी वेगवान असते की हे चढउतार एकमेकांना जवळजवळ छेद देतात आणि शिल्लक राहतो तो सममितीचा भाग. निसर्गाने आपल्यासाठी हिशेब सोपा करून ठेवलाय असं म्हणायचं.

आता उन्हाच्या वाट्याकडे येऊ, कारण तो आहेच. जड अणू असलेला ओझोन किंचित मंद कंप पावतो. त्याची तळाची ऊर्जा थोडी कमी, त्यामुळे तो ज्या तरंगलांबींचा प्रकाश शोषतो तो पट्टा जरासा सरकतो आणि आवळतो. पट्ट्याचा माथा २५५ नॅनोमीटरपाशी आहे. तिथे या सरकण्याने विशेष फरक पडत नाही. उतारावर पडतो. तिथे जड रेणू हलक्याच्या मानाने थोडा कमी प्रकाश खातो, थोडा कमी फुटतो, आणि मागे उरलेला ओझोन आणखी जड होतो. भाचीची चाळणी ती हीच. खालच्या हवेत अतिनीलाचा बराचसा भाग वरच अडलेला असतो, ओझोन मुख्यतः साध्या प्रकाशाने फुटतो आणि चाळणीचा परिणाम लहान राहतो. तीस किलोमीटरच्या वर अतिनील जोरात, तिथे चाळणीही जोरात. मोजमापांत ही खूण स्पष्ट दिसते: साधारण २२ ते ३३ किलोमीटरच्या पट्ट्यात १७ असलेला ओझोन सात ते नऊ टक्के जास्त असतो, १८ असलेला सात ते अकरा. खाली दोघं बरोबरीने, आणि वर जाता जाता १८ पुढे सरकतो. बरोबरी ही जोडणीची करामत. वर दिसणारी ही आघाडी उन्हाची, कारण ऊन फोडताना वजन बघतं.

उन्हाचा आणखी एक हात आडून लागतो. जोडणीत मिळणारा फायदा तापमानावर अवलंबून आहे, गरम हवेत जास्त. आणि स्थितांबर वर जाताना तापत जातं ते ओझोन अतिनील शोषतो म्हणूनच. म्हणजे जोडणीच्या खात्यातल्या रकमेतही थोडा पैसा उन्हाचा.

फुटण्याच्या या बाजूवर महत्त्वाचं काम आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर झालेलं आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत एस. के. भट्टाचार्य आणि सुब्रत चक्रवर्ती यांनी भांड्यातल्या ओझोनवर एकदा साधा प्रकाश आणि एकदा अतिनील सोडून मागे उरलेल्या वायूचे तिन्ही समस्थानिक मोजले. ते काम २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या प्रकाशाने फुटताना नेहमीचं, वजनाचं गणित जवळपास पाळलं जातं. अतिनीलाने फुटताना ते थोडं ढळतं. विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये उभी केलेली ही संस्था ओझोनला नवखी नाही. तिचे पहिले संचालक के. आर. रामनाथन हे स्वतः ओझोनचे नावाजलेले अभ्यासक. एक्स्प्रेसवेने अहमदाबादला जाणारे आपण लोक तिकडे लग्नकार्याला आणि विमान पकडायला जातो. हेही तिथे घडतं हे फारसं कोणाच्या गावी नसतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ओझोनचा हा ठसा दुसऱ्यांवर उमटतो आणि पुसला जात नाही. वजनाने होणाऱ्या कुठल्याही क्रियेत १७ हा १८ च्या निम्म्याने चालतो, त्यामुळे एखाद्या पदार्थात १७ हिशेबापेक्षा जास्त निघाला, तर त्यातला काही ऑक्सिजन कधीतरी ओझोनमधून आलाय हे समजायचं. बाष्पीभवनाने, तापमानाने, जीवाणूंनी हा जास्तीचा भाग बनवता येत नाही.

वरच्या हवेत अतिनीलाने ओझोन फुटताना ऊर्जेने चेतलेला ऑक्सिजन अणू निघतो. तो कार्बन डायऑक्साइडला भिडतो आणि अणूंची अदलाबदल करतो. जास्तीचा १७ कार्बन डायऑक्साइडकडे जातो आणि हवेतल्या साध्या ऑक्सिजनला तेवढी बारीकशी तूट येते. झाडं आणि समुद्रातली शेवाळं पाण्यातून जो ताजा ऑक्सिजन सोडतात त्यात ही तूट नसते. बोअझ लुझ, मायकल बेंडर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये यावरून युक्ती काढली: समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनची ही तूट मोजली, की त्यातला किती तिथल्या प्रकाशसंश्लेषणाने आला आणि किती हवेतून, ते कळतं.

मला स्वतःला जास्त जवळची वाटते ती नायट्रेटची गोष्ट, कारण ती आपल्या रस्त्यांवर घडते. गाड्यांच्या धुरातून आणि कारखान्यांच्या धुराड्यांतून नायट्रिक ऑक्साइड निघतं. ओझोन त्याला आपला टोकाचा अणू देतो, जास्तीचा १७ ज्या टोकांवर बसलेला असतो नेमका तिथला, आणि नायट्रोजन डायऑक्साइड होतं. दिवसा ऊन ते पुन्हा फोडतं, ओझोन पुन्हा जोडतो. काही मिनिटांत एक फेरा. असे फेरे होत होत त्या वायूवर ओझोनचा ठसा चांगला ठसठशीत उमटतो. पण दिवसा तो नायट्रिक आम्लात बदलताना शेवटचा अणू येतो हायड्रॉक्सिलकडून (एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांचा चपळ तुकडा), आणि हायड्रॉक्सिलने आपला ऑक्सिजन हवेतल्या वाफेशी केव्हाच बदलून घेतलेला असतो, त्याच्यावर ठसा नसतो. रात्री हायड्रॉक्सिल जवळपास नसतंच. तेव्हा पुढचा अणूही ओझोनच देतो. म्हणून उन्हाळी दुपारी बनलेल्या नायट्रेटमध्ये जास्तीचा १७ कमी असतो आणि हिवाळ्याच्या लांब रात्रींत बनलेल्यामध्ये अधिक. हवेतून गोळा केलेल्या नायट्रेटमध्ये तो साधारण हजारात २० ते ३५ भरतो. गच्चीवर फिल्टर लावून धूळ गोळा करणाऱ्याला त्या धुळीतलं नायट्रेट कोणत्या वेळच्या रसायनाने बनलंय, याचा अंदाज यावरून बांधता येतो. नुसतं किती आहे हे मोजून तो कधीच आला नसता.

ठसा टिकतो किती? चिलीच्या अटाकामा वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही. तिथे नायट्रेटचे जे प्रचंड साठे आहेत, जे एकेकाळी खतासाठी आणि दारूगोळ्यासाठी जगभर जायचे, त्यांत जास्तीचा १७ हजारात १४ ते २१ सापडला. म्हणजे ते मुख्यतः हवेतून, कोरड्या धुळीबरोबर, थरावर थर साठत आलेत. कारखान्यात बनवलेल्या खताच्या नायट्रेटमध्ये ऑक्सिजन येतो साध्या हवेतून आणि पाण्यातून. तिथे हा आकडा जवळपास शून्य. सांडपाण्यातून किंवा मातीतल्या जीवाणूंकडून बनलेल्या नायट्रेटमध्येही शून्याच्या आसपासच. एखाद्या गावाच्या विहिरीत नायट्रेट वाढलं आणि दोष शेतांना द्यायचा की शहराकडून वाहत येणाऱ्या हवेला यावर भांडण लागलं, तर त्यातला हवेतून आलेला वाटा एवढ्या एका मोजणीने वेगळा काढता येतो.